वाचकांचे प्रश्न : रॉय जोन्सला कुठे बसवायचं?

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, तुम्ही पाहिलेल्या बॉक्सरांमध्ये सगळ्यांत प्रतिभावान कोण? मी लिहिलं, अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनिअर. त्याच उत्तरात पुढे असंही लिहिलं की लाइट हेवीवेटच्या, म्हणजे १७५ पौंडांपर्यंतच्या वजनगटाच्या, इतिहासात पहिली जागा मात्र मी एझर्ड चार्ल्सला देतो. त्यावर बरीच पत्रं आली, काही चांगलीच तापलेली. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा जोन्सलाच. हौशी बॉक्सिंगमध्ये मी वर्षानुवर्षं रिंगलगत बसून गुण दिले आहेत आणि जोन्सच्या बहुतेक मोठ्या लढती पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. त्याच्यावर माझं प्रेम आहे, हे आधीच सांगतो. मत देताना ते आड येऊ नये याची काळजी घेतो.

प्रश्न : ‘सगळ्यांत प्रतिभावान’ आणि ‘पहिला’ यांत तुम्ही फरक करता तो मला पटत नाही. ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त आहे तोच सगळ्यांत मोठा. चार्ल्सला तर लाइट हेवीवेटचं जगज्जेतेपद कधी मिळालंच नाही असं वाचलं. मग तो पहिला कसा?
— एक बँक कर्मचारी

किताब मिळाला नाही हे खरं. त्याला त्या किताबासाठी लढायलाच मिळालं नाही. त्याच्यासमोर उभं राहण्यात विजेत्याचा फायदा काहीच नव्हता, धोका मात्र पुरेपूर होता. पण तो कोणाला हरवत होता ते बघा. १९४२ मध्ये, वयाची एकविशीही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, त्याने चार्ली बर्लीला दोनदा हरवलं. बर्ली म्हणजे ज्याच्या वाटेला त्या काळातले नामांकित बॉक्सर जात नसत असा माणूस. मग १९४६, १९४७ आणि १९४८ अशी सलग तीन वर्षं त्याने आर्ची मूरला हरवलं, तिसऱ्यांदा तर आठव्या फेरीत नॉकआउट केलं. हाच मूर १९५२ मध्ये लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला आणि पुढे कितीतरी वर्षं त्याला कोणी हलवू शकलं नाही. १९४३ मध्ये चार्ल्स जिमी बिव्हिन्सकडून आणि लॉइड मार्शलकडून हरला होता. पुढे त्याने दोघांनाही पुन्हा गाठून हरवलं. त्यानंतर हेवीवेट या सगळ्यांत वरच्या गटात जाऊन १९४९ मध्ये जर्सी जो वॉलकॉटला आणि १९५० मध्ये जो लुईला हरवलं.

आता जोन्सची लाइट हेवीवेटमधली यादी. माइक मॅकॅलम, पण तो तेव्हा चाळिशीला टेकलेला. माँटेल ग्रिफिन. व्हर्जिल हिल. लू डेल व्हॅले आणि रेजी जॉन्सन, ज्यांना हरवून त्याने १९९९ पर्यंत डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी आणि आयबीएफ या तीन जागतिक संघटनांचे किताब एकत्र केले. मग अँटोनियो टार्व्हर. नावं चांगली आहेत. यात आर्ची मूर नाही.

कुवत ठरवताना मी विचारतो, त्याच्या सगळ्यांत चांगल्या रात्री तो रिंगमध्ये काय काय करू शकत होता? त्याचं उत्तर डोळ्यांना मिळतं. इतिहासातली जागा ठरवताना विचारतो, ते त्याने कोणासमोर केलं, किती वेळा केलं, आणि गोष्टी बिघडल्यावर पुढे काय केलं? त्यासाठी लढतींची यादी घेऊन बसावं लागतं. पहिल्या प्रश्नात जोन्सच्या पुढे मी कोणालाच ठेवत नाही, शुगर रे रॉबिन्सन सोडला तर. दुसऱ्या प्रश्नात लाइट हेवीवेटमध्ये तो माझ्याकडे चौथा किंवा पाचवा येतो. सगळे गट आणि सगळा काळ धरला तर पहिल्या पंचविसांत नक्की. तुम्हाला हा त्याचा अपमान वाटत असेल. शंभरहून अधिक वर्षांच्या आधुनिक बॉक्सिंगमध्ये पंचविसांत बसणं ही काय चीज आहे, याचा एकदा शांतपणे विचार करा.

प्रश्न : सर, मी कॉलेजात बॉक्सिंग शिकतो. आमचे प्रशिक्षक म्हणतात, जोन्सकडे तंत्र नव्हतं, फक्त वेग होता. हात खाली, जॅब जवळजवळ नाही, उडी मारून हुक. वेग गेला आणि सगळं संपलं. हे बरोबर आहे का? आणि बघणाऱ्याने कौशल्य ओळखायचं कसं?
— एक विद्यार्थी

तुझ्या प्रशिक्षकांनी सांगितलेल्या चुका अगदी खऱ्या आहेत. हात हनुवटीपाशी हवा, जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, सुरुवात हवी, मान सरळ मागे खेचायची नाही, पुढच्या हाताचा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणारा ठोसा, लांबून मारायचा नाही. जोन्सने हे चारही नियम बारा-पंधरा वर्षं रोज मोडले. त्यावरून ‘तंत्र नव्हतं’ असं म्हणणं मात्र मला मान्य नाही, आणि ते का ते तुला सविस्तर सांगतो, कारण तुझ्या पत्रातला दुसरा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे.

गार्ड, म्हणजे तोंडासमोर उचलून धरलेले हात, कशासाठी असतो? ठोसा लागू नये म्हणून. जोन्स ते काम अंतराने करायचा. तो प्रतिस्पर्ध्याच्या पोहोचेच्या अर्धं पाऊल बाहेर उभा राहायचा. समोरच्याला ठोसा मारायचा तर आधी पाय उचलून आत यावं लागे. पाय उचलला की वजन एका पायावर येतं, आणि त्या क्षणी माणूस ना नीट मारू शकतो ना वाकू शकतो. जोन्सचा डावा हुक नेमका त्याच क्षणी यायचा. उडी दिसते म्हणून आपण तिला वेग म्हणतो. पण उडी कधी मारायची हे त्याला समोरच्याच्या खांद्यावरून आणि पुढच्या पायाच्या टाचेवरून कळत होतं, आणि ते वाचता येणं हे शिकलेलं असतं. नुसत्या वेगाने माणूस चुकीच्या वेळी फार लवकर पोहोचतो.

आणि हुलकावण्या. १८ नोव्हेंबर १९९४ ची जेम्स टोनीविरुद्धची लास व्हेगासमधली लढत काढ. टोनी तोवर ४६ लढतींत एकदाही हरलेला नव्हता. त्याचं सगळं बळ प्रतिहल्ल्यात होतं: तुम्ही मारा, तो खांद्यावर घेणार, आणि तुमचा हात परत जायच्या आत उजवा हात तुमच्या तोंडावर. अशा माणसाला हरवायचं तर त्याला हवा असलेला पहिला ठोसा द्यायचाच नाही. जोन्सने त्याला फेरीमागून फेरी नुसत्या हुलकावण्या दिल्या. खांदा हलला, पाय आपटला, नजर खाली गेली, ठोसा मात्र नाही. टोनी हलला की मग खरा ठोसा. तिसऱ्या फेरीत टोनी त्याला चिडवायला लागला. जोन्सनेही तसाच आविर्भाव केला आणि त्यातूनच डावा हुक सोडला. टोनी दोरांवर जाऊन आदळला आणि पंचांनी आकडे मोजले. शेवटी तिन्ही गुणपत्रकांवर फरक मोठा होता: ११९-१०८, ११८-१०९, ११७-११०. वजन उतरवताना टोनीचे हाल झाले होते हे खरं आहे, आणि मी ते हिशोबात धरतो. पण थकलेला टोनीसुद्धा हुलकावणीला इतका फसावा, हे थकव्याने होत नाही.

आता बघायचं कसं. पहिलं काम, आवाज बंद कर. समालोचक आधीच कोणाच्या तरी प्रेमात पडलेले असतात आणि त्यांच्या शब्दांमुळे तुला न लागलेले ठोसेही लागलेले दिसायला लागतात. पहिल्या दोन फेऱ्या हात बघूच नकोस, पाय बघ. कोणाचं पाऊल आधी पडतंय, कोण कोणाला आपल्याला हव्या त्या जागी नेतोय, हे तिथे दिसतं. मग तुला ज्याचं कौशल्य ठरवायचंय त्याला सोड आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे बघ. तो एरवी करतो ते त्याला करता येतंय का? जोन्ससमोर टोनीचा प्रतिहल्ला गायब झाला, व्हिनी पाझिएन्झाचे तर हातच सुटेनात. १९९५ मध्ये अटलांटिक सिटीत चौथ्या फेरीत पाझिएन्झाचा एकही ठोसा जोन्सला लागला नाही, अशी कॉम्प्युबॉक्सची, म्हणजे ठोसे मोजणाऱ्या संगणकीय पद्धतीची, नोंद आहे. व्यावसायिक लढतीत गुण देताना स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव, अशा चार गोष्टी बघायला सांगतात. पहिली कोणालाही दिसते. तिसरी, म्हणजे रिंगवरचा ताबा, बघायला शिकलास की तू जाणकार झालास.

आणखी एक सवय लाव. ठोसा चुकल्यावर तो माणूस कुठे असतो ते बघ. लागलेल्या ठोशानंतर सगळेच छान दिसतात. चुकल्यावर ज्याचे पाय अजून त्याच्या खाली आहेत आणि डोकं मधल्या रेषेवरून सरकलेलं आहे, तो शिकलेला. या कसोटीवर टोनी जोन्सपेक्षा सरस उतरतो, बर्नार्ड हॉपकिन्सही. इथे तुझ्या प्रशिक्षकांचं म्हणणं खरं ठरतं. जोन्स चुकला की सरळ मागे जायचा, हनुवटी वर, हात कमरेपाशी. पंचविशीत ते चालायचं कारण ठोसा येईपर्यंत तो तिथे नसायचाच. पस्तिशीत तो तिथेच असायचा. बचावाची दुसरी फळी त्याने कधी उभीच केली नाही, तिची गरज त्याला कधी पडली नव्हती. त्याच्या कौशल्यात मला सापडलेली ही एकमेव मोठी पोकळी. पण ती भयंकर महागात पडली.

प्रश्न : जोन्सने कोणाला हरवलं? बेन नाही, युबँक नाही, कॉलिन्स नाही. लाइट हेवीवेटमध्ये मिखाल्चेव्हस्कीला कायम टाळलं. सोप्या लढती करून मोठा झालेला माणूस आहे तो.
— एक जुने वर्गणीदार

तुमच्या रागातला अर्धा भाग मला मान्य आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुपर मिडलवेटची (लाइट हेवीवेटच्या खालचा गट) ही मोठी नावं ब्रिटन-आयर्लंडात होती. जोन्सची त्यांच्यापैकी कोणाशीही गाठ पडली नाही, आणि हे नुकसान त्याच्या खात्यावर कायमचं राहील. डारिउश मिखाल्चेव्हस्कीचंही तसंच. त्याच्याकडे डब्ल्यूबीओ या चौथ्या संघटनेचा किताब होता, १९९७ मध्ये त्याने व्हर्जिल हिलला हरवलेलं होतं, आणि तो जर्मनीत लढायचा. जोन्स तिकडे गेला नाही, तो अमेरिकेत आला नाही. दोघांनाही आपापल्या घरी भरपूर पैसे मिळत होते. टाळलं कोणी, यावर मी कोणा एकाचं नाव घेणार नाही.

पण पुढे जे झालं तेही वाचकांसमोर ठेवतो. मेक्सिकोचा ज्युलिओ गोन्झालेझ २००१ मध्ये जोन्सशी लढला, तीनदा खाली बसला आणि सगळ्या गुणपत्रकांवर हरला. त्याच गोन्झालेझने २००३ च्या ऑक्टोबरमध्ये हॅम्बुर्गला जाऊन मिखाल्चेव्हस्कीला पहिला पराभव दाखवला. अ ने ब ला आणि ब ने क ला हरवलं म्हणून अ ने क ला हरवलं असतं, असं बॉक्सिंगमध्ये म्हणता येत नाही, आणि मी म्हणतही नाही. पण मिखाल्चेव्हस्कीसमोर जोन्स हरलाच असता, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ही लढत पाहावी.

‘कोणाला हरवलं?’ या प्रश्नाला माझं थेट उत्तर दोन नावांचं आहे: हॉपकिन्स आणि टोनी. दोघांवरही त्याने निर्विवाद विजय मिळवला. दोघेही त्यानंतर पुढची अनेक वर्षं अव्वल राहिले. टोनीने तर २००३ मध्ये हेवीवेटला येऊन इव्हँडर होलीफील्डला थांबवलं. माझ्या मते त्या पिढीतल्या फार थोड्या जणांकडे असे दोन विजय आहेत. आणि १९९८ ची हिलची लढत? जगज्जेतेपदं मिळवलेला, भक्कम जॅबचा माणूस, आणि चौथ्या फेरीत बरगडीवर बसलेल्या एका उजव्या ठोशाने तो खाली. आयुष्यात पाहिलेल्या अंगावरच्या ठोशांमध्ये मी तो सगळ्यांत वर ठेवतो. अंगावर उजव्या हाताचा ठोसा इतक्या लांबून, इतका उघड, कोणी मारत नाही. बचाव करणाऱ्याला तो दिसतो. हिललाही दिसला असावा.

प्रश्न : हॉपकिन्स आणि जोन्स एकमेकांविरुद्ध १-१. हॉपकिन्स ४९व्या वर्षीही जगज्जेता होता. मग मोठा कोण?
— एक निवृत्त शिक्षिका

बाई, या सगळ्या पत्रांत मला सर्वांत जास्त वेळ तुमच्या प्रश्नाने घेतला. दोघांची पहिली लढत २२ मे १९९३ ला झाली, आयबीएफच्या मिडलवेट (१६० पौंडांपर्यंतच्या) किताबासाठी, जो तेव्हा कोणाकडेच नव्हता. तिन्ही पंचांनी ११६-११२ असे गुण जोन्सच्या बाजूने दिले. दुसरी २०१० मध्ये, आणि ती हॉपकिन्सने सहज जिंकली. पण त्या दुसऱ्या लढतीला मी मोजायला तयार नाही. जोन्स तेव्हा ४१ वर्षांचा होता आणि आदल्याच वर्षी सिडनीत डॅनी ग्रीनसमोर पहिल्याच फेरीत संपला होता. हॉपकिन्स त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, पण त्याचं शरीर आणि त्याची शैली दोन्ही टिकलेली. ती लढत फक्त एवढंच सांगते की कोण जास्त टिकला.

टिकणं हाही गुण आहे, आणि हॉपकिन्सच्या बाबतीत तो प्रचंड मोठा. त्याने मिडलवेटचा किताब वीस वेळा राखला, २००१ मध्ये फेलिक्स त्रिनिदादला बाराव्या फेरीत थांबवलं, ४६व्या वर्षी ज्याँ पास्कालला हरवून सर्वांत वयस्कर जगज्जेता झाला, मग स्वतःचाच तो विक्रम मोडत ४९ पर्यंत नेला. जोन्सकडे जे नव्हतं ते सगळं याच्याकडे होतं: चुकल्यावर पाय खाली, डोकं आडोशाला, अंगाला अंग भिडल्यावर कोपरं कुठे ठेवायची याचं ज्ञान. पायांचा वेग कमी झाला तसा तो एकेक पाऊल वाचवायला शिकला.

कारकिर्दीचा सगळा हिशोब मांडला तर हॉपकिन्स किंचित वर. दोघं आपापल्या सर्वोत्तम रात्री समोरासमोर आले तर जोन्स, आणि दहापैकी आठ वेळा. तुम्ही एकच नाव मागितलंत तर मी हॉपकिन्स म्हणेन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जोन्सची लढत बघायला बसेन.

प्रश्न : १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये खरंच लबाडी झाली होती का?
— एक वाचक

अंतिम लढतीत मोजणीनुसार जोन्सचे ८६ ठोसे लागले आणि दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुनचे ३२. निकाल ३-२ ने पार्कच्या बाजूने. सर्वोत्कृष्ट शैलीचा व्हॅल बार्कर चषक त्याच स्पर्धेत जोन्सला मिळाला. मी ती लढत गुणपत्रक हातात घेऊन पाहिली आहे आणि पार्कला एकही फेरी देता येत नाही. त्यात पार्कचा काही दोष नव्हता, आणि त्याने त्या निकालाचं ओझं आयुष्यभर वाहिलं. पुढे त्याने अमेरिकेत जोन्सकडे जाऊन ते सुवर्णपदक त्याच्या हाती दिलं. इतिहासातली जागा ठरवताना हौशी लढतींना मी थोडंच वजन देतो, पण ही मी जोन्सचा विजय म्हणूनच धरतो.

प्रश्न : हेवीवेटचं जगज्जेतेपद मिळवलं तेव्हाच जोन्सने निवृत्त व्हायला हवं होतं. मग तो तुमच्या यादीत वर गेला असता का? आणि नंतरचे पराभव तुम्ही किती मोजता?
— एक वैद्यकीय प्रतिनिधी

१ मार्च २००३. जोन्स १९३ पौंड, म्हणजे साधारण साडेसत्याऐंशी किलो. समोर डब्ल्यूबीएचा विजेता जॉन रुईझ, २२६ पौंड, म्हणजे एकशे दोन किलोंच्या वर. पंधरा किलोंचा फरक आणि निकाल एकमुखी: ११८-११०, ११७-१११, ११६-११२. मिडलवेटचा माजी जगज्जेता हेवीवेटचा जगज्जेता होणं याआधी फक्त १८९७ मध्ये घडलं होतं, बॉब फिट्झसिमन्सने कार्सन सिटीत जेम्स कॉर्बेटला पाडलं तेव्हा. रुईझ हा त्या काळातला सर्वोत्तम हेवीवेट नव्हता. लेनॉक्स लुईस होता. म्हणून या विजयाला मी फिट्झसिमन्सच्या पंक्तीत बसवत नाही. पण वजनाचा तो पूल ओलांडायची हिंमत किती जणांनी दाखवली, हेही मोजावं लागतं.

तिथे थांबला असता तर काय, हा प्रश्न मला फारसा मान्य नाही, कारण मग आपल्याला ८ नोव्हेंबर २००३ ची लढत मिळाली नसती. जोन्सने वाढवलेलं सगळं वजन आठ महिन्यांत पुन्हा खाली आणलं आणि १७५ पौंडांवर टार्व्हरसमोर उभा राहिला. पायांत जीव नव्हता, दोरांवर रेलून मार खात होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं चालत नव्हतं, आणि ते त्याला कळत होतं. शेवटच्या फेऱ्यांमध्ये तो दोरांवरून बाहेर आला आणि ज्या अंतरावर तो कधीच थांबत नसे त्या अंतरावर थांबून मारामारी केली. ११७-१११, ११६-११२ आणि एका पंचाकडे ११४-११४. माझे गुण त्या मधल्या पंचाच्या जवळपास आहेत. जोन्सकडे हिंमत नव्हती असं म्हणणाऱ्यांना मी हीच लढत दाखवतो. माझ्या यादीत ती टोनीनंतर लगेच येते.

मग १५ मे २००४. दुसऱ्या फेरीत जोन्सने उजवा हात टाकला आणि टार्व्हरचा डावा वरून आला. चार महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, मेम्फिसला ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत त्याला बेशुद्ध पाडलं. हे दोन पराभव मी पूर्ण वजनाने मोजतो. तो ३५ वर्षांचा होता, जगातला सर्वोत्तम म्हणवत होता आणि समोरचे दोघेही खरे होते. २००५ चा टार्व्हरचा तिसरा सामना अर्ध्या वजनाने. २००८ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला जो कॅल्झागीला पहिल्याच फेरीत खाली बसवून नंतर उरलेल्या अकराही फेऱ्यांत मागे पडणं, ते त्याहून कमी. त्यापुढचे, ग्रीन, हॉपकिन्स, मॉस्कोतला लेबेदेव, मी जागा ठरवताना मोजतच नाही. ते बघताना त्रास होतो. लेबेदेवची लढत मी एकदाच पाहिली आहे आणि पुन्हा पाहणार नाही.

हा नियम मी जोन्सपुरता बनवलेला नाही. रॉबिन्सनच्या नावावर १९ पराभव आहेत. पण १९५२ ला त्याने पहिल्यांदा निवृत्ती घेतली तोवर फक्त तीन होते: जेक लामोटा, रँडी टर्पिन, आणि यँकी स्टेडियमवरच्या त्या भट्टीत जोई मॅक्सिम, जिथे उन्हाळ्याने आधी पंचालाच खाली बसवलं होतं. लामोटा आणि टर्पिन या दोघांनाही त्याने परत हरवलं. बाकीचे पराभव परतल्यानंतरचे, पस्तिशीकडे झुकलेल्या आणि मग चाळिशी ओलांडलेल्या माणसाचे. ते कोणी त्याच्या विरोधात मोजत नाही. जोन्सला तोच न्याय मिळायला हवा. फरक उरतो तो एवढाच, की रॉबिन्सनने हरवणाऱ्याला पुन्हा गाठून हरवलं. जोन्सने ग्रिफिनच्या बाबतीत ते केलं. १९९७ मध्ये गुडघ्यावर बसलेल्या ग्रिफिनला मारल्यामुळे तो बाद ठरला होता, आणि पाच महिन्यांत त्याने पहिल्याच फेरीत निकाल लावला. टार्व्हर आणि जॉन्सनच्या बाबतीत त्याला ते जमलं नाही. चार्ल्सने बिव्हिन्स आणि मार्शलचं काय केलं ते वर लिहिलंच आहे. माझ्या यादीत चार्ल्स वर आणि जोन्स खाली का, याचं मोठं कारण हेच.

प्रश्न : मी मुलामुलींना बॉक्सिंग शिकवते. जोन्सच्या लढती पाहून सगळीच हात खाली सोडायला लागली आहेत. लढती दाखवणं बंद करू का?
— एक प्रशिक्षिका

मुळीच बंद करू नका. फक्त काय बघायचं ते तुम्ही ठरवा. टोनीच्या लढतीतली एक फेरी लावा, आवाज बंद, आणि प्रत्येकाला जोन्सने दिलेल्या हुलकावण्या मोजायला सांगा. लागलेले ठोसे मोजायचे नाहीत. मग जोड्या लावा. एकाने ठोसा न मारता फक्त खांदा आणि पाय वापरून समोरच्याला हलवायचं, दुसऱ्याने शक्यतो हलायचं नाही. दोन मिनिटांनी अदलाबदल. दोघांचेही हात पूर्ण वेळ हनुवटीपाशी, हात खाली आला की जोडी बदलायची. अंतर आणि हुलकावणी या दोन गोष्टी जोन्सकडून शिकता येतात, आणि वर्षभर दिलं तर बहुतेक मुलांना जमतात. मोठी झाल्यावर कुणाला हात खाली सोडून लढायचं असेल, तर त्याआधी ती पोर सरळ मागे न जाता बाजूला निघते का, तेवढं तपासा.